दोन बाणांचा प्रश्न

अकरावीच्या वर्गात फळ्यावर रासायनिक समीकरण लिहून झाले, डावीकडच्या व उजवीकडच्या पदार्थांच्या मध्ये एकमेकांविरुद्ध तोंडे केलेले दोन बाण काढून झाले आणि 'हा समतोल' असे म्हणून शिक्षकाने खडू खाली ठेवला, की कोणत्या ना कोणत्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : तोल साधला म्हणजे क्रिया थांबली ना? थांबली नाही असे सांगावे, तर दुसरा येतो : मग भांड्यात काहीच बदलताना का दिसत नाही? आणि वर्गात एखादी विचारी मुलगी असेल, तर ती थोडा वेळ गप्प राहून तिसरा प्रश्न विचारते, ज्याचे उत्तर देताना माझ्यासारख्या अनेक वर्षे हाच विषय शिकविलेल्या माणसालाही शब्द तोलून वापरावे लागतात : आम्ल शिल्लक आहे, अल्कोहोलही शिल्लक आहे, दोघे एकाच भांड्यात आहेत, मग उरलेल्यांचा संयोग का होत नाही?

हे प्रश्न मंदबुद्धीचे लक्षण समजून बाजूला सारण्याचा शिरस्ता आपल्याकडे पडला आहे. वस्तुतः ज्या प्रश्नांपाशी युरोपातील थोर रसायनशास्त्रज्ञ दशकानुदशके अडून राहिले, त्यांतलेच हे प्रश्न असून, आपल्या अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात आणि परीक्षेच्या गुणपत्रकात त्यांना कोठेच जागा ठेवलेली नाही, ही माझी तक्रार आहे. ती मोघम राहू नये म्हणून काही दाखले तपशीलाने देतो.

पहिला दाखला आपल्या घरातला आहे. तांब्यापितळेची भांडी जोपर्यंत स्वयंपाकघरात होती, तोपर्यंत वर्षातून एकदोनदा कल्हईवाला दारी येई, अंगणात लहानशी भट्टी लावून भाता मारी, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकी आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवून क्षणार्धात भांड्याचे अंतरंग रुप्यासारखे उजळून टाकी. पूड पडताच पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नाकाला झोंबणारा उग्र दर्प अंगणभर पसरे. त्या भोवती कोंडाळे करून उभ्या राहिलेल्या मुलांना दोन गोष्टींचे कुतूहल वाटे : नवसागर गेला कोठे, आणि धूर आला कोठून? नवसागर हे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून झालेले संयुग आहे. उष्णतेने ते फुटते आणि दोन वायू मोकळे होतात. आम्लाचा अंश तांब्यावरील काळपट ऑक्साइडाचा थर खाऊन टाकतो आणि त्यामुळे कथील भांड्याला धरते. उरलेले दोन्ही वायू वरच्या थंड हवेत पुन्हा एकत्र येतात आणि जो पांढरा धूर दिसतो तो म्हणजे नव्याने जन्मलेला नवसागरच होय. खाली विघटन, वर संयोग, आणि मध्ये फक्त हातभर अंतर व तापमानाचा फरक! फळ्यावरच्या त्या दोन बाणांचा अर्थ इतक्या स्पष्टपणे सांगणारा देखावा कोणत्याही प्रयोगशाळेत सहज मिळणार नाही, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात घडत होता.

आता याच नवसागराने शास्त्रज्ञांना किती छळले ते पाहावे. एकाच तापमानाला व दाबाला सर्व वायूंच्या समान घनफळात समान संख्येने रेणू असतात, हे ॲव्होगाड्रोचे अनुमान 1811 सालचे. परंतु नवसागराच्या वाफेची घनता मोजली तर ती या हिशेबाने यावी त्याच्या सुमारे निम्मीच भरे, आणि अशा काही अपवादांकडे बोट दाखवून त्या अनुमानालाच हरकत घेतली जाई. देव्हिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1857 च्या सुमारास तापमान वाढल्यावर संयुगे अंशतः फुटतात आणि निवताच पुन्हा जुळतात हा विचार मांडला, आणि 1862 मध्ये पेबाल याने नवसागराच्या वाफेतील हलका अमोनिया सच्छिद्र बोळ्यातून जड आम्लवायूच्या आधी पलीकडे निघून जातो हे दाखवून वाफेत एकाऐवजी दोन पदार्थ असल्याची रुजुवात केली. एका रेणूचे दोन झाले, म्हणून घनता निम्मी. अर्धशतकाचा गुंता एका कापसासारख्या बोळ्याने सुटला.

परंतु आपल्या शालेय पुस्तकांतून कापूर, आयोडीन आणि नॅफ्थलीन यांच्या पंक्तीला नवसागर बसवून 'संप्लवन पावणारे पदार्थ' अशी चौघांची यादी पाठ करून घेण्याची वहिवाट आहे. कापूर वाफ होऊनही कापूरच राहतो. नवसागर मात्र वाफ होताना नवसागर राहत नाही. घन पदार्थ नाहीसा होतो आणि वर थंड काचेवर पुन्हा बसतो एवढ्या बाह्य साम्यावरून दोघांना एका नावाखाली घालणे सोयीचे असेल, पण ज्या मुलाने 'हा भौतिक बदल की रासायनिक?' असे विचारले, त्याला 'पुस्तकात भौतिक लिहिले आहे' हे उत्तर देणे म्हणजे त्याच्या हातातला खरा धागा काढून घेणे आहे. भौतिक आणि रासायनिक या दोन कोठ्यांत जगातील सर्व बदल नीट बसत नाहीत, हे सांगायला शिक्षकाने संकोचण्याचे कारण नाही. मीठ पाण्यात विरघळते तेव्हाही हाच पेच उभा राहतो. पाणी आटवले की मीठ जसेच्या तसे परत मिळते हे खरे, पण विरघळलेल्या अवस्थेत त्याचे सोडियम आणि क्लोरीन विद्युद्भारित होऊन वेगळे वावरत असतात हेही तितकेच खरे. स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा विचार 1884 साली आपल्या प्रबंधात मांडला, तेव्हा त्याच्या परीक्षकांनी त्याला अगदी कनिष्ठ श्रेणी देऊन वाटेला लावले; पुढे 1903 मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तरपत्रिकेतील आखलेल्या शब्दांपलीकडे जाणाऱ्या उत्तराला गुण नाकारताना प्रत्येक परीक्षकाने ही हकीकत आठवावी, असे मला कळकळीने वाटते.

त्या विचारी मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो सर्वांत खोल आहे. ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन बंद भांड्यात ठेवले, तर त्यांपासून एस्टर आणि पाणी तयार होऊ लागते. परंतु दोन तृतीयांश भाग बदलला की पुढे बदल होत नाही, मग तुम्ही आठवडा थांबा की वर्ष. पॅरिसमध्ये बर्तलो आणि पेआं द सें-जील यांनी 1862 च्या सुमारास हे चिकाटीने मोजले, आणि मग उलट बाजूने आरंभ करून, म्हणजे एस्टर आणि पाणी घेऊन, पाहिले; तेव्हा तिकडूनही क्रिया नेमकी त्याच ठिकाणी येऊन टेकली. दोन विरुद्ध दिशांनी निघालेले दोन प्रवासी एकाच मुक्कामी पोचावेत तसे हे होते. याचा अर्थ वर्गात सांगायचा तो असा की आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग थांबलेला नसतो. तो चालूच असतो, पण जितके एस्टर एका क्षणी घडते तितकेच त्याच क्षणी मोडते, आणि म्हणून जमाखर्च जुळून ताळेबंद स्थिर दिसतो. उरलेले आम्ल आळशी बसलेले नाही. या क्षणी जे आम्ल आहे ते पुढच्या क्षणी एस्टर झालेले असेल, आणि त्याच्या जागी दुसरे येऊन बसले असेल.

'पण हे चालू आहे हे कोणी पाहिले?' असा चौथा प्रश्न यावर आला, तर त्या दिवशी शिक्षकाने स्वतःला भाग्यवान समजावे. हंगेरीत जन्मलेल्या हेव्हेशीने शिशाचे किरणोत्सर्गी अणू खुणेसारखे वापरले : शिशाच्या एका क्षारात हे खुणेचे अणू, दुसऱ्यात साधे, दोन्ही एकत्र विरघळवून एक क्षार पुन्हा स्फटिकरूपाने वेगळा काढला, तर खुणा दोन्हीकडे वाटल्या गेलेल्या आढळल्या. बाहेरून स्वस्थ दिसणाऱ्या द्रावणात अणूंची अदलाबदल अखंड चालू असते, हे यावरून हाती आले. या मागमूस पद्धतीसाठी हेव्हेशीला 1943 चे नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त मिठवणीच्या तळाशी साचलेल्या मिठाचेही तेच : खडे विरघळत असतात आणि तितकेच पुन्हा बसत असतात. तळाशी आणखी मूठभर मीठ टाकले तर पाणी अधिक खारट का होत नाही, या नेहमीच्या शंकेचे उत्तरही येथेच आहे. खडे वाढले की विरघळण्याची जागा वाढते आणि परत बसण्याचीही तितकीच वाढते.

या विषयाचा उगम एका लष्करी मोहिमेत आहे, ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती सहसा विसरत नाहीत. नेपोलियन 1798 मध्ये इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याच्याबरोबर विद्वानांचे एक पथक होते, आणि त्यात क्लोद लुई बर्तोले हा रसायनज्ञ होता. तेथील खाऱ्या सरोवरांच्या काठी त्याने सोड्याचे थर साचलेले पाहिले. पॅरिसच्या प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले तर चुनखडी खाली बसते आणि मीठ द्रावणात राहते, हे त्याला पाठ होते. येथे मात्र मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा घडत होता, म्हणजे ओळखीची क्रिया साफ उलटी चालली होती. मिठाच्या अफाट साठ्यामुळे हे घडते, म्हणजे क्रियेची दिशा पदार्थांच्या परस्पर ओढीइतकीच त्यांच्या राशीवरही अवलंबून असते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि 1803 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. दुर्दैवाने त्याच ओघात संयुगांचे घटकही राशीप्रमाणे बदलतात असे तो म्हणाला. प्रूस्तने त्याचे हे म्हणणे खोडून काढले, आणि त्या एका चुकीच्या पायी त्याचे खरे म्हणणेही पन्नास वर्षे अडगळीत पडले. 1864 मध्ये गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या दोघा मेहुण्यांनी, एक गणिती आणि दुसरा रसायनज्ञ, ते गणिताच्या भाषेत पुन्हा उभे केले. मग 1884 हे एकच साल असे उगवले की त्यात अऱ्हेनियसचा प्रबंध, ल शातेलिएचा नियम आणि व्हान्ट हॉफचा तो ग्रंथ, ज्यात त्याने बरोबरीच्या चिन्हाच्या जागी दोन उलटसुलट बाण प्रथम मांडले, या तिन्ही गोष्टी जगापुढे आल्या. फळ्यावरचे चिन्ह काढायला शिक्षकाला दोन सेकंद लागतात. बर्तोलेच्या सरोवरापासून त्या चिन्हापर्यंत यायला शास्त्राला 86 वर्षे लागली. मग विद्यार्थ्याला दोन तासिका का मिळू नयेत?

ल शातेलिएच्या नियमाबाबत मात्र दोष आम्हा शिक्षकांचा अधिक आहे. 'समतोलावर ताण आणला तर तो त्या ताणाला विरोध करतो' असे आम्ही सांगतो, आणि मुले सरळपणे विचारतात : त्याला कळते कसे? त्याला काहीच कळत नाही. पदार्थ वाढवला की टकरी वाढतात, टकरी वाढल्या की त्या दिशेचा वेग वाढतो, आणि दोन्ही वेग पुन्हा जुळेपर्यंत राशी सरकत राहतात, इतकेच घडते. भांड्याला इच्छाशक्ती देऊन आम्ही मुलांची वाट सोपी केल्यासारखे करतो आणि प्रत्यक्षात त्यांना विचारापासून दूर नेतो. हाच नियम कारखान्यात गेला की प्रश्न आणखी सजीव होतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवले तर अमोनिया कमी मिळतो. मग कारखान्यात 400 ते 500 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात कशाला? कारण थंडीत क्रिया इतकी मंद असते की चांगल्या समतोलाची वाट पाहण्यात आयुष्य जाईल. म्हणून तापमान मध्यम ठेवायचे, लोखंडाचा उत्प्रेरक घालायचा, चार घनफळांची दोन होतात म्हणून दाब प्रचंड वाढवायचा, तयार झालेला अमोनिया थंड करून सतत काढून घ्यायचा आणि न जुळलेले वायू पुन्हा फिरवायचे, अशी ही तडजोड आहे. स्वतः ल शातेलिएने 1901 मध्ये हा प्रयत्न केला होता. यंत्रात हवा शिरून स्फोट झाला आणि त्याने ते काम सोडून दिले. हाबरने 1909 मध्ये ते साधले आणि बॉशने 1913 पर्यंत ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. अलिबागजवळच्या थळ येथे अमोनिया आणि युरिया करणारा कारखाना आज चालतो तो याच हिशेबावर, आणि आपल्या शेतकऱ्याच्या हातातील खताच्या गोणीत त्या दोन बाणांचे गणित भरलेले असते. उत्प्रेरक समतोलाची जागा बदलत नाही, दोन्ही दिशांचा वेग सारखाच वाढवून मुक्काम फक्त लवकर गाठून देतो, हे एवढे ऐकल्यावर मुलाला पाठ करावे लागत नाही.

आणखी एक अडसर आहे, आणि त्याचा उच्चार केल्याशिवाय ही कैफियत पुरी होणार नाही. दहावीपर्यंत ज्याने 'अभिक्रिया', 'संयुग', 'द्रावण' या शब्दांनी विचार केला, त्याला अकरावीत विज्ञानशाखेत जाताच बहुतेक ठिकाणी एका सुट्टीनंतर सगळे इंग्रजीत ऐकावे लागते, आणि समतोलाचे प्रकरण नेमके याच वर्षी येते. शंका मराठीत उठते, ती इंग्रजीत मांडता येत नाही, आणि वर्गासमोर अडखळण्याच्या लाजेने ती गिळली जाते. मराठीत शब्द नाहीत ही सबब खोटी आहे. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी कोल्हापुरात राहून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले, आणि राज्याच्या भाषा संचालनालयाने रसायनशास्त्राचा परिभाषा कोश केव्हाच सिद्ध केला आहे. गुल्डबर्ग आणि वागे यांनी आपला नियम आधी नॉर्वेजियन भाषेत प्रसिद्ध केला, म्हणून जगाने तो उशिरा वाचला हे मी नाकारत नाही. जगाशी बोलण्यासाठी जगाची भाषा यायलाच हवी. परंतु प्रश्न प्रथम मनात ज्या भाषेत उगवतो, त्या भाषेत तो विचारण्याची मुभा वर्गात असलीच पाहिजे.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे, कारण ती माझीही बाजू होती. एका वर्गात शंभरावर मुले, मुदतीत संपवायचा अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीची स्पर्धा, आणि प्रयोगशाळेत साहित्याची नेहमीची चणचण, या सगळ्यांत प्रश्नाला वेळ देणे म्हणजे पुढच्या प्रकरणावर अन्याय करणे असे वाटू लागते. तरुणपणी मीही 'हे परीक्षेत येत नाही' असे म्हणून कित्येक हात खाली बसविले, आणि आज त्याची खंत वाटते. म्हणून माझी मागणी लहान आहे. समतोलाच्या प्रकरणाला दोन तासिका वाढवाव्यात, आणि त्या फक्त विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखाव्यात. शंका कोणत्याही भाषेत विचारण्यास हरकत घेतली जाऊ नये. आणि शिक्षण मंडळाने प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा ठेवावा, ज्याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत द्यायचे असेल आणि परीक्षकाला नमुना उत्तराच्या शब्दांशी बांधून ठेवणारी सूचना त्याला लागू नसेल. आईवडिलांनाही एक विनंती आहे. 'रसायन' हा शब्द विषाचा समानार्थी म्हणून घरात वापरला जातो, आणि 'यात रसायन नाही' अशा पाट्या दुकानांत लागतात. पाणी, मीठ आणि हळद ही रसायनेच आहेत, हे मुलाने सांगितले तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि कुंकवासाठी चुन्यात कालवलेली हळद तांबडी का होते व लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी का होते, हे त्यालाच विचारावे.

मंडळाचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल; शिक्षकांना मात्र त्याची वाट पाहण्याची गरज नाही. कल्हईचे सामान विकणाऱ्या दुकानी नवसागर आजही मिळतो. कोरड्या परीक्षानळीच्या तळाशी त्याची चिमूटभर पूड घाला, मध्यभागी काचेच्या लोकरीचा सैल बोळा बसवा, बोळ्याच्या खाली ओला निळा आणि वर ओला लाल लिटमस कागद ठेवा, नळी किंचित तिरकी धरून तळ हळूहळू तापवा, आणि वर्ग हवेशीर ठेवून मुलांना जवळून पाहू द्या. वरचा लाल कागद निळा होतो, खालचा निळा कागद लाल होतो, आणि नळीच्या थंड भागात पांढरे वलय बसते.